कृष्णवर्णीय महिला शालेय ग्रंथपाल, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शाळांत ग्रंथपाल म्हणून काम करणाऱ्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्रिया. त्यांचे प्रशिक्षण, भरती व सेवेतील टिकाव.

प्रशिक्षण : वर्णविभक्त शाळांच्या काळात दक्षिणेतील राज्यांत या पेशाची वाट मोजक्याच संस्थांतून जात असे. व्हर्जिनियातील हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये १९२५ साली कार्नेगी कॉर्पोरेशनच्या साहाय्याने ग्रंथालयशास्त्राचे विद्यालय निघाले. ते १९३९ मध्ये बंद पडले. त्याआधी १९३६ पासून जनरल एज्युकेशन बोर्डाच्या मदतीने ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरू लागले होते. नोकरी सोडून शिकणे परवडत नसलेल्या शिक्षिकांची त्यामुळे मोठी सोय झाली. १९४१ मध्ये अटलांटा विद्यापीठाचे विद्यालय सुरू झाले. पहिल्या अधिष्ठाता एलायझा अ‍ॅटकिन्स ग्लीसन या ग्रंथालयशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन (१९४०). त्यांच्यानंतर हॅम्प्टनच्या विद्यार्थिनी व्हर्जिनिया लेसी जोन्स यांनी १९४५ ते १९८१ हे पद सांभाळले. देशातील कृष्णवर्णीय ग्रंथपालांची एक पिढीच या विद्यालयात घडली. २००५ मध्ये तेही बंद झाले. मुळात कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांपैकी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची अधिस्वीकृती असलेला अभ्यासक्रम त्यानंतर केवळ डरॅम येथील नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठात उरला. भरती घटण्याच्या कारणांत या हानीला अग्रस्थान द्यायला हवे.

भरती : शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालानंतर एकत्रीकरणाच्या ओघात अनेक कृष्णवर्णीय शाळा बंद झाल्या व तेथील पुष्कळ शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. बऱ्याच राज्यांत या पदासाठी अध्यापनाचा परवाना व पदव्युत्तर शिक्षण दोन्ही लागते. हा खर्च अनेकींच्या आवाक्याबाहेरचा असतो. असोसिएशनने १९९७ मध्ये अल्पसंख्याक समाजांतील विद्यार्थ्यांसाठी स्पेक्ट्रम शिष्यवृत्ती स्थापली. असोसिएशनच्याच २००९-१० च्या आकडेवारीनुसार सर्व प्रकारच्या ग्रंथालयांतील अर्हताप्राप्त ग्रंथपालांत कृष्णवर्णीयांचा वाटा सुमारे ५ टक्के होता.

कार्य : मेबल मॅकिसिक व ग्लिंडन ग्रीअर या दोन शालेय ग्रंथपालांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये कृष्णवर्णीय बालसाहित्यकारांसाठीच्या कोरेटा स्कॉट किंग पुरस्काराची कल्पना पुढे आली. तोवर बालसाहित्यासाठीचे न्यूबेरी वा कॅल्डिकॉट पदक एकाही कृष्णवर्णीय लेखक-चित्रकाराला मिळाले नव्हते. १९७० चा पहिला पुरस्कार लिली पॅटरसन यांना मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बालवाचकांसाठीच्या चरित्राबद्दल मिळाला. त्या बाल्टिमोरच्या शाळांत ग्रंथालयाचे काम पाहत.

टिकाव : शाळेत बहुधा एकच ग्रंथपाल असतो, बढतीची संधी क्वचित मिळते आणि अंदाजपत्रक आखडले की कात्री याच पदाला लागण्याची भीती असते.