बार, कोंबड्या आणि बाबांची गोळी

आमचे बाबा शनिवारी मित्रांबरोबर 'बसतात'. त्या रात्री कोलेस्टेरॉलची गोळी घेत नाहीत. "दोन्ही एकत्र गेलं की लिव्हर गेलं," हा त्यांचा नियम. म्हणजे गोळी बंद, ग्लास चालू! दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालीय. आई म्हणाली, "तू इंजिनिअर ना, बघ जरा." कोडचा आणि लिव्हरचा काय संबंध, पण बसलो वाचत.

या गोळ्या म्हणजे स्टॅटिन. 1971 साली टोकियोत सान्क्यो कंपनीतल्या अकिरा एन्डो यांनी बुरशा तपासायला घेतल्या. शरीर कोलेस्टेरॉल बनवतं तेव्हा एक एन्झाइम लागतं. ते अडवणारं काही बुरशीत मिळेल, असा त्यांचा अंदाज. 6,000 च्या वर बुरशा झाल्या. 1973 मध्ये तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत कॉम्पॅक्टिन सापडलं. पण उंदरांवर ढिम्म परिणाम नाही. प्रोजेक्ट गुंडाळायची वेळ आली.

मग 1976 च्या सुरुवातीला लॅबजवळच्या एका बारमध्ये एन्डोंना कंपनीतला एक सहकारी भेटला. हा प्रयोगांसाठी कोंबड्या पाळायचा. अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर, म्हणजे कोंबडी ते भरपूर बनवत असणार! दिलं कोंबड्यांना, आणि कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आलं. बाबांच्या गोळीचं गाडं पुढे सरकलं ते असं, बारमध्ये.

अजून गंमत. 1979 मध्ये एन्डोंना मोनॅस्कस बुरशीतही एक स्टॅटिन मिळालं. चीनमध्ये लाल तांदळाची दारू बनवतात ती याच जातीच्या बुरशीने. तेच रसायन मर्क कंपनीला वेगळ्या बुरशीत सापडलं होतं. 1987 मध्ये अमेरिकेत ते लोव्हास्टॅटिन म्हणून बाजारात आलं.

बाबांची भीती तिथलीच. गोळीबरोबर लिव्हरच्या ठरावीक रक्ततपासण्या आल्या, आणि भरपूर पिणाऱ्यांना जपून द्या अशी सूचना. 2012 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्या ठरावीक तपासण्या काढल्या. लिव्हरला गंभीर इजा क्वचितच होते. सुरू करण्याआधी एकदा तपासा, नंतर गरज पडली तर. भरपूर पिणाऱ्यांबद्दलची सूचना मात्र राहिली. शिवाय दारूने ट्रायग्लिसराइड्स वाढतात ते वेगळंच.

हे सगळं सांगितल्यावर बाबा खूश. "म्हणजे दोन्ही चालतं?"

"आपल्या मनाने गोळी चुकवायची नाही. आणि पेग किती, ते डॉक्टरांना खरं सांगायचं. तुम्ही काय सांगितलंय?"

"कधीतरी, म्हटलं."

सोमवारी मी बरोबर जातोय.