व्हो-ल-व्हिकोंत : एका मेजवानीची दंतकथा

१/ १७ ऑगस्ट १६६१. पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे ५५ किलोमीटरवरच्या एका नव्याकोऱ्या शातोमध्ये फ्रान्सचा अर्थाधीक्षक निकोला फुके याने तरुण राजा चौदाव्या लुईला मेजवानी दिली. मोलिएरचे नवे नाटक, कारंजी, आतषबाजी असा थाट होता. त्यानंतर अवघ्या १९ दिवसांनी फुके कैदेत होता.

२/ प्रचलित कथा सांगते की, प्रजाजनाचे ते वैभव पाहून राजाचा जळफळाट झाला आणि एका रात्रीत फुकेचे दैव फिरले. कथा मोठी आकर्षक आहे, पण ती कालक्रमाच्या कसोटीवर उतरत नाही. प्रथम वास्तू पाहू, मग तारखा.

३/ शातो म्हणजे मुळात सरदाराची गढी. सतराव्या शतकापर्यंत तिच्यातील तटबंदी लोपत जाऊन निवासी वाडा उरला. व्हो-ल-व्हिकोंत येथे खंदक आहे, पण तो संरक्षणासाठी नाही. पाण्याने वेढलेल्या चौथऱ्यावर वाडा उठून दिसावा, एवढेच त्याचे प्रयोजन.

४/ १६५६ ते १६६१ या काळात तीन कलावंतांनी ही निर्मिती साकारली : वास्तुकार लुई ल व्हो, चित्रकार शार्ल ल ब्रँ आणि उद्यानरचनाकार आंद्रे ल नोत्र. वास्तू, अंतर्गत सजावट आणि उद्यान यांचा एकाच कल्पनेतून केलेला विचार हे या स्थळाचे वैशिष्ट्य.

५/ प्रवेशद्वारी उभे राहिले की कमानींतून नजर थेट वाड्याच्या आरपार जाऊन उद्यानात पोहोचते. मध्यभागी घुमटाखाली लंबवर्तुळाकार दिवाणखाना आहे. त्याची अर्धी बाजू उद्यानाच्या दिशेने बाहेर झुकलेली आहे. ल व्होने पारंपरिक आयताकृती आराखड्याला दिलेला हा धाडसी छेद होता.

६/ ल नोत्रचे कौशल्य दृष्टिभ्रमात आहे. वाड्यातून पाहताना टोकाची गुहासदृश भिंत हौदाला लागूनच असल्याचा भास होतो. चालत गेल्यावर कळते की, मध्ये सुमारे एक किलोमीटर लांबीचा आडवा कालवा आहे. तो खालच्या पातळीवर असल्यामुळे दुरून दिसतच नाही.

७/ आता तारखा. ९ मार्च १६६१ रोजी मुख्यमंत्री माझारँ वारला आणि राजाने कारभार स्वतःच्या हाती घेतला. फुकेला दूर करण्याचा निर्णय मे महिन्यातच झाला होता, असे इतिहासकार मानतात. म्हणजे मेजवानीच्या तीन महिने आधी.

८/ याला पूरक पुरावा आहे. फुके पॅरिसच्या पार्लमाँचा, म्हणजे सर्वोच्च न्यायसभेचा, महाअभियोक्ताही होता. त्या पदामुळे त्याच्यावरील खटला त्याच न्यायसभेत चालवावा लागला असता. राजाची मर्जी संपादण्याच्या आशेने त्याने हे पद मेजवानीपूर्वीच विकले. त्याचे कवच त्या रात्रीआधीच गळून पडले होते.

९/ मग खरे कारण कोणते? स्पेनशी १६५९ पर्यंत चाललेल्या युद्धाचा खर्च फुकेने स्वतःच्या पतीवर कर्ज उभारून भागवला. त्यात सरकारी आणि खासगी पैशाची सरमिसळ अटळ होती. शिवाय बेल-ईल हे बेट विकत घेऊन त्याने तेथे तटबंदी उभारली होती. बंडाळीत बालपण गेलेल्या राजाला ही गोष्ट भयावह वाटणे स्वाभाविक होते.

१०/ येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. माझारँने मागे ठेवलेली संपत्ती सुमारे साडेतीन कोटी लिव्र होती. फुके त्याच्या जवळपासही नव्हता. माझारँच्या त्या संपत्तीचा व्यवस्थापक होता कोल्बेर, आणि फुकेविरुद्ध आरोपांची जुळवाजुळव करणाराही तोच. एका माणसाला दोषी ठरवले की अवघ्या व्यवस्थेचा हिशेब मागण्याची गरज उरत नाही.

११/ ५ सप्टेंबर रोजी नांत येथे दार्तान्यांने फुकेला अटक केली. होय, द्युमाच्या कादंबऱ्यांतील नायकाचे मूळ असलेला तोच. खटला तीन वर्षे चालला. डिसेंबर १६६४ मध्ये ९ न्यायाधीशांनी मृत्युदंड मागितला, तर १३ जणांनी हद्दपारी. राजाने शिक्षा सौम्य करण्याऐवजी वाढवली आणि हद्दपारीची जन्मठेप केली. १६८० मध्ये पिन्यरोलच्या तुरुंगात फुके मरण पावला.

१२/ ल व्हो, ल ब्रँ आणि ल नोत्र यांना राजाने व्हर्सायच्या कामावर घेतले. व्होची संत्र्याची झाडेही तिकडे गेली. फुकेने मँसी गावी काढलेल्या गालिचा-कारखान्याचे कारागीर पॅरिसच्या गोबलाँमध्ये सामावले गेले. राजाने माणूस नाकारला, पण त्याची अभिरुची ठेवून घेतली.

१३/ १८७५ मध्ये साखर उद्योजक आल्फ्रेद सोमिए याने मोडकळीस आलेला हा शातो विकत घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला. दिवाणखान्याच्या घुमटावर ल ब्रँ सूर्याचा प्रासाद रंगवणार होता. अटकेमुळे ते काम राहूनच गेले. सूर्य हे चिन्ह पुढे चौदाव्या लुईने स्वतःचे केले.

१४/ मत्सराची कथा राजाला माणूस ठरवते आणि राजकारण झाकून टाकते. म्हणूनच ती इतकी टिकली असावी. पुन्हा कधी ती ऐकाल, तेव्हा मे आणि ऑगस्ट हे दोन महिने क्रमाने लावून पाहा.

(समाप्त)