वेंगुर्ले खडकसमूह : जलमार्गावरील धोक्यापासून सागरी पर्यटनापर्यंत

दक्षिण कोकणच्या सागरी इतिहासात वेंगुर्ले बंदराचा विचार प्रामुख्याने डच वखारीच्या संदर्भात केला जातो. इ. स. १६३७ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीने डच ईस्ट इंडिया कंपनीने येथे वखार स्थापन केली. व्यापार हा तिचा एक हेतू होताच. परंतु पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना शिधासामग्री पुरविण्यासाठी गोव्याच्या उत्तरेस जवळच असलेले हे बंदर अधिक सोयीचे ठरले. इ. स. १८१२ मध्ये ते सावंतवाडी संस्थानाकडून इंग्रजांकडे गेले.

या बंदरासमोर भर समुद्रात असलेला खडकसमूह मात्र अभ्यासकांकडून काहीसा दुर्लक्षित राहिला आहे. नौकानयनाच्या दृष्टीने ही बेटे म्हणजे संकट, म्हणूनच तेथे दीपगृह उभारावे लागले. त्यांच्या गुहांत पाकोळ्या लाळेपासून घरटी बांधतात. चिनी खाद्यपरंपरेत या घरट्यांना मोठे मोल असल्याने त्यांची चोरी होत असे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने संरक्षणाचे काम हाती घेतले, तेव्हा हा प्रश्न लोकांसमोर आला.

पाण्याखालच्या सृष्टीला राजमान्यता मिळाली ती शेजारच्या मालवणात. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील सुमारे २९ चौ. कि. मी. सागरी क्षेत्र अभयारण्य घोषित झाले. मासेमारीवर निर्बंध येणार या भीतीने मच्छीमारांनी त्यास विरोध केला आणि तो निराधार म्हणता येणार नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढे याच किनाऱ्यावर स्कुबा डायव्हिंग रुजले. पावसाळ्यात समुद्र खवळला की ते बंद राहते. प्रवाळ पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकाला पाण्यात उतरविणारे हात पुष्कळदा मच्छीमार कुटुंबांतलेच असतात, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

१९८५ मध्ये नौदलात दाखल झालेले 'आयएनएस गुलदार' हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले. निवती खडकांजवळ ते समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती निर्माण करण्याची योजना आखण्यात आली आणि २०२५ मध्ये ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आले. ज्या खडकांपासून जहाजे वाचावीत म्हणून दिवा लावला गेला, त्यांच्याच सान्निध्यात जहाज बुडविण्याचा हा बेत. दीर्घकाळ पडझड सोसत राहिलेली डच वखार मात्र येथून फार दूर नाही, आणि ती पाहण्यास पाण्यात उतरावे लागत नाही.