उजेड वाढला म्हणजे बरे झाले का?

विज्ञान हा माझा विषय नव्हे. मराठी माध्यमातून बी.ए. झालो आणि निवृत्त होईपर्यंत शाळेत इतिहास शिकवला. पण माणसाने एखादी गोष्ट मोजायला कशी सुरुवात केली आणि त्या मोजमापाचा अर्थ काय लावला, हे वाचायला मला फार आवडते. आज अशाच एका जिवंत मोजपट्टीविषयी लिहितो.

समुद्रातले काही जिवाणू स्वतः प्रकाश देतात. निळसर-हिरवा, थंड प्रकाश. शिळा मासा कधी कधी अंधारात चमकतो, तो यांच्यामुळेच. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलने १६६० च्या दशकात चमकणारे लाकूड आणि मासे काचेच्या भांड्यात ठेवून आतली हवा पंपाने काढली. उजेड मंदावला. जिवाणू नावाचे काही असते हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हते, पण या उजेडाला हवा लागते एवढे सिद्ध झाले. पुढे १८८९ मध्ये हॉलंडच्या बायरिंक याने या जिवाणूंना 'फोटोबॅक्टेरियम' हे नाव दिले. अगदी थोडा प्राणवायू ओळखण्यासाठी त्याने त्यांचा उपयोगही करून घेतला.

म्हणजे हा उजेड जिवाणूच्या श्वासाशी बांधलेला आहे. पेशीचे काम बिघडले की उजेड उतरतो. याच गोष्टीवर १९७९ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेकमन कंपनीने 'मायक्रोटॉक्स' ही चाचणी उभी केली. पाणी विषारी आहे का हे पाहायला तोपर्यंत त्यात मासे सोडून चार-चार दिवस वाट पाहावी लागे. आता पंधरा-तीस मिनिटांत उत्तर मिळू लागले. पुढे तिचे आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. चाचणी नीट चालते की नाही हे तपासायला त्यात जस्त वापरतात. लिटरभर पाण्यात साधारण २.२ मिलिग्रॅम जस्त असले, तर अर्ध्या तासात उजेड २० ते ८० टक्क्यांनी घटला पाहिजे. पारा तर याहून कितीतरी कमी मात्रेत उजेड मालवतो. कॅडमियम मात्र सावकाश काम करते. पंधरा मिनिटांत ते फारसे काही दाखवत नाही, वेळ जाईल तसा त्याचा परिणाम वाढतो.

इथवर हिशेब सरळ आहे. विष वाढले, उजेड घटला. पण मात्रा खूपच कमी केली, तर काही धातूंच्या बाबतीत उजेड चक्क वाढतो! स्वच्छ पाण्यातल्या जिवाणूंपेक्षाही जास्त.

हे कोडे जुने आहे. १८८८ मध्ये जर्मनीत ह्यूगो शुल्झ यीस्टवर विषांचे प्रयोग करत होता. रसकापूर, सोमल असली जहाल विषे त्याने अत्यल्प प्रमाणात घातली, तर यीस्ट मरण्याऐवजी जोमाने फसफसू लागले. यातून होमिओपॅथीला आधार मिळतो असे शुल्झला वाटले आणि त्या वादात त्याचे मूळ निरीक्षणही अनेकांनी बाजूला टाकले. १९४३ मध्ये साउदम आणि एर्लिक या अमेरिकन संशोधकांना बुरशीवर तसाच परिणाम दिसला. त्यांनी त्याला 'हॉर्मेसिस' हे नाव दिले. धक्का सावरताना पेशी गरजेपेक्षा थोडी जास्तच धडपड करते, असे त्याचे एक स्पष्टीकरण देतात.

मला यातला मोलाचा भाग पुढेच वाटतो. विझताना दिवा मोठा होतो अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे दिवा विझतोच असे नाही, पण मोठा झाला म्हणून तेल वाढले असेही नाही. वाढलेला उजेड एवढेच सांगतो की पेशीला काहीतरी टोचले आहे. सांडपाण्याचा नमुना जास्त चमकला म्हणून कोणी ते पाणी निर्मळ ठरवले, तर दोष जिवाणूचा नव्हे, वाचणाऱ्याचा.

आणि 'थोडे विष चांगलेच असते' हा निष्कर्ष तर त्याहून धोक्याचा. जिवाणूचा अर्ध्या तासाचा उजेड वेगळा आणि वाढत्या वयाचे मूल वेगळे. शिशाची निर्धोक अशी कोणतीही मात्रा माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, आणि तो दाखवायला तिथे कसलाही दिवा लागत नाही.

मोजपट्टी खोटे बोलत नाही, पण ती विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. मुलांचे गुण पाहतानाही मला हे अनेकदा आठवते.