बगळ्यांची वीण आणि संरक्षणाचे कायदे : डहाणू-तलासरी

बगळ्यांच्या विणीस घरट्याचे झाड आणि चरण्याची पाणथळ भूमी या दोहोंची आवश्यकता असते. डहाणू व तलासरी तालुक्यांत ही दोन्ही निकट आहेत : पश्चिमेस खाड्या व तिवरांची वने, पूर्वेस भातखाचरे, तळी व कुर्झे धरणाचा जलाशय. पश्चिम भारतात गायबगळा, लहान बगळा, ढोकरी व रातबगळा यांची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. कारण त्या काळी बेडूक, मासे व कीटक विपुल असतात. हे पक्षी समूहाने घरटी करतात. म्हणून एक झाड तुटले, तरी अनेक जोडप्यांची वीण बुडते.

विणीच्या काळात येणारी नाजूक पिसेच काही जातींच्या नाशास कारण झाली. पाश्चात्त्य स्त्रियांच्या टोप्यांसाठी त्यांना मोठी मागणी होती. जनक मारले गेले की पिले उपाशी मरत. इ. स. १८८७ चा वन्यपक्षिसंरक्षण कायदा नगरपालिका व छावण्यांच्या हद्दीपुरताच होता. खेड्यांतील घरट्यांना त्याचा आधार नव्हता. १९०२ मध्ये सरकारने पिसांची निर्यात बंद केली, तरी चोरटा व्यापार थांबला नाही. तत्कालीन मुंबई इलाख्यातील सिंध प्रांतात तर पिसांसाठी बगळे पाळले जात. १९१२ च्या कायद्याच्या परिशिष्टात बगळ्यांचा स्पष्ट निर्देश झाला आणि १९२१ मध्ये ब्रिटनने कायद्याने पिसांची आयात रोखली. भारतातील १९७२ च्या कायद्याने अंडी व घरटी यांची नासधूस 'शिकार' या संज्ञेत घातली.

हे सर्व उपाय पक्ष्याचे होते, भूमीचे नव्हते. भूमीचा विचार २० जून १९९१ च्या अधिसूचनेत आढळतो. तिने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून भोवती २५ किलोमीटरचा पट्टा राखला. १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. त्याने १९९८ मध्ये वाढवण बंदर नाकारले. २०२३ मध्ये मात्र सशर्त मान्यता दिली व २०२४ मध्ये पायाभरणी झाली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीस मनाई केली.

तात्पर्य, पिसांच्या बाजारापासून बगळा वाचला, तो बाजारावर बंधन आल्यामुळे. जागेवरील संकट तसे नाही. पक्षी, अंडी व घरटी यांना कायद्याने अभय मिळाले, तरी खाचर बुजले किंवा घरट्यांचे झाड गेले, तर त्या अभयाचा विणीस उपयोग उरत नाही. डहाणू-तलासरीच्या बगळ्यांचे भवितव्य या दोन स्थानांच्या एकत्रित रक्षणावरच अवलंबून आहे.