हेंडन : खासगी विमानतळ ते गृहवसाहत

लंडनच्या मध्यभागापासून वायव्येस सुमारे ११ किलोमीटरवर असलेला हेंडन विमानतळ हा ब्रिटनमधील आरंभीच्या खासगी विमानतळांपैकी एक होता. वाढते शहर आणि विमानांचा वाढता वेग यांच्या कचाट्यात सापडून तो बंद पडला. आज त्या मैदानाच्या मोठ्या भागावर ‘ग्रॅहम पार्क’ ही गृहवसाहत उभी आहे.

लंडन ते मँचेस्टर हवाई शर्यतीत १० हजार पौंडांचे पारितोषिक मिळवणारे फ्रेंच वैमानिक लुई पोलां यांनी २७ एप्रिल १९१० रोजी हेंडन येथील मैदानावरून उड्डाण केले होते. या शर्यतीतील त्यांचे पराभूत प्रतिस्पर्धी क्लॉड ग्रॅहम-व्हाइट यांनी त्याच परिसरात जमीन मिळवून विमानतळ, उड्डाण प्रशिक्षण शाळा आणि विमानांचा कारखाना उभारला. तेथील हवाई शर्यती व प्रात्यक्षिके पाहण्यासाठी लंडनवासीयांची गर्दी लोटत असे.

ब्रिटनमधील पहिली नियोजित हवाई टपाल सेवा ९ सप्टेंबर १९११ रोजी हेंडन ते विंडसर या मार्गावर सुरू झाली. पहिले टपाल गुस्ताव्ह हॅमेल यांनी नेले. या उपक्रमाचे प्रवर्तक वॉल्टर विंडहॅम यांनीच त्याच वर्षी १८ फेब्रुवारी रोजी अलाहाबाद ते नैनी हे जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल उड्डाण घडवून आणले होते. ते विमान आंरी पेके यांनी चालवले.

पहिल्या महायुद्धात सरकारने हेंडनचा ताबा घेतला. युद्ध संपल्यानंतरही तो सोडण्यात आला नाही. प्रदीर्घ वादानंतर १९२५ मध्ये सरकारने ही मालमत्ता विकत घेतली. १९२० ते १९३७ या काळात येथे ब्रिटिश हवाई दलाची वार्षिक प्रात्यक्षिके होत असत.

दरम्यान, १९२४ मध्ये कोलिंडेल येथे भुयारी रेल्वेचे स्थानक सुरू झाले. मैदानाभोवती घरांच्या रांगा वाढू लागल्या. नव्या वेगवान विमानांना लांब धावपट्टीची गरज होती. मात्र घरांच्या वेढ्यामुळे विस्ताराला वाव उरला नाही. १९५७ मध्ये उड्डाण तुकड्या हलविण्यात आल्या. जून १९६८ मध्ये संग्रहालयासाठी आणलेले ‘बेव्हर्ली’ हे मालवाहू विमान येथे उतरले. ते या धावपट्टीवर उतरलेले शेवटचे विमान ठरले.

त्यानंतर लंडनमधील घरटंचाई दूर करण्यासाठी या जागेवर सतराशेहून अधिक घरांची सार्वजनिक वसाहत बांधण्यात आली. तिला मूळ संस्थापकाचेच नाव मिळाले. शेजारच्या भागात नोव्हेंबर १९७२ मध्ये हवाई दलाचे संग्रहालय खुले झाले. १९८७ मध्ये हवाई दलाचे केंद्रही बंद झाले.

ग्रॅहम पार्कमधील अनेक इमारती अवघ्या काही दशकांत पाडून तेथे पुनर्विकास हाती घेण्यात आला. पहिल्या महायुद्धाच्या काळातील हँगर मात्र संग्रहालयाने जतन केले आहेत.