कोटणीस, द्वारकानाथ शांताराम

(१० ऑक्टोबर १९१० – ९ डिसेंबर १९४२). जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनमध्ये स्वेच्छेने जाऊन शस्त्रक्रिया व शल्यशिक्षणाचे कार्य करणारे भारतीय शल्यचिकित्सक. जन्म सोलापूर येथे. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात.

चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितल्यावर काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये देशाला आवाहन केले आणि लोकवर्गणीतून निधी, रुग्णवाहिका व औषधे यांची तजवीज झाली. अलाहाबादचे मदन अटल (प्रमुख), नागपूरचे मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे बिजय कुमार बसू व देबेश मुखर्जी आणि कोटणीस अशा पाच डॉक्टरांचे पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले. चुंगकिंगला असताना कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली, तरी ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक चिनी कम्युनिस्टांचे केंद्र असलेल्या येनानला पोहोचले.

कोटणीसांचे खरे कार्य पुढे उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर झाले. तेथे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी फिरत्या शल्यपथकाची पद्धत रुजवली होती : जखमी सैनिकाला दूरच्या रुग्णालयात नेण्यात वेळ दवडण्यापेक्षा हत्यारे, औषधे व मलमपट्टीचे सामान खेचरांवर लादून शल्यचिकित्सकानेच लढाईजवळ जायचे. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले, आणि त्यांच्या नावे चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. बाहेरून आणलेली औषधे जपानी वेढ्यामुळे संपत येणारच होती; टिकणार होते ते तेथील माणसांच्या हाती आलेले कौशल्य. हे ओळखून कोटणीसांनी रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय शाळेत अध्यापन केले, त्यासाठी चिनी भाषा लिहिण्या-बोलण्याइतकी आत्मसात केली आणि विद्यार्थ्यांकरिता शल्यशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहावयास घेतली, त्यांपैकी दुसरे त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. महाराष्ट्रात त्यांचे स्मरण मुख्यतः आत्मबलिदानासाठी केले जाते. त्यांच्यातील शिक्षकाची मात्र अजून पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

१९४१ मध्ये त्यांनी परिचर्याशिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. पुढील वर्षी पुत्र यिनहुआ जन्मला. १९४२ मध्येच त्यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व घेतले. अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, झटक्यांनी वयाच्या ३२ व्या वर्षी ते मरण पावले. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) हा चित्रपट त्यांच्याच जीवनावर आधारित आहे. चीनमध्ये शिजियाझुआंग येथे त्यांचा पुतळा असून सोलापुरातील त्यांच्या राहत्या घरी स्मारक उभारण्यात आले आहे.